वाढत्या अंगाचा अंगरखा

सिंगापूरच्या नियमाप्रमाणे सक्तीच्या लष्करी सेवेत गेलेला माझा मुलगा पहिल्या सुट्टीनंतर परत निघाला होता. तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटमध्ये इस्त्रीखालच्या कोऱ्या गणवेशाचा वास भरला आणि मला साताऱ्याची गच्ची आठवली.

आमच्या घराण्यातला एक कोवळा पोरगा पानिपतावर गेला, तो आलाच नाही. परतल्यावर घालील म्हणून त्याच्या आईनं वाढत्या अंगाचा अंगरखा शिवून ठेवला होता. दर संक्रांतीला बाबा त्याला गच्चीवर ऊन दाखवायचे. शाळकरी वयात एकदा मी तो अंगात चढवला. विरलेलं मऊ कापड, कडुनिंबाच्या पाल्याचा कडसर वास. हातातली पट्टी तलवारीसारखी फिरवत मी ओरडलो, "बाबा, बघा, मला अगदी मापात बसला!"

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. "काढ तो. आत्ताच्या आत्ता."

मी रुसलो. त्यांना माझ्यात काय दिसलं, हे कधी विचारलंच नाही. आता विचारायला ते नाहीत.

मुलानं गणवेशाचा शर्ट चढवला. शर्टाचे खांदे उतरत होते. "लूज आहे, बट ओके लाह, बाबा," तो इथल्या ढंगात म्हणाला. "नंतर फिट होईल."

"काढ तो," मी म्हणालो. आवाज बाबांचा होता.

"आता कसा काढू, बाबा?" तो हसला आणि शेवटचं बटण लावून बूट शोधू लागला.