बुरशी न आलेली डबी

त्या बाईचं दुकान बंद झालं त्या दिवशी मी घरी श्रीखंड केलं होतं. सण नव्हता, कोणाचा वाढदिवस नव्हता. नवऱ्यानं कारण विचारलं नाही, पण पुन्हा मागून घेतलं. दुसऱ्याच्या वाईटात आनंद मानू नये, असं लोक म्हणतात. ज्यांचं कोणी काही बिघडवलेलं नाही तेच हे जास्त म्हणतात, असा माझा अनुभव आहे.

त्या बाईला आम्ही सगळ्या वहिनी म्हणायचो. समता कॉलनीत तिचं पार्लर होतं. मूळची ती अमरावतीकडची. रायपूर राजधानी झाल्यावर विदर्भातून नोकरीपायी इथं आलेल्या माझ्यासारख्या बायकांना तिचा मोठा आधार वाटायचा. ऑफिसात दिवसभर हिंदी, घरी पोरं मराठी समजून हिंदीतच उत्तर देणार. तिच्या खुर्चीत बसलं की 'काय वं, लय दिवसानं आली' असं कानावर पडायचं आणि पाठ सैल व्हायची. भुवया करायला जायचो ते अर्धं बोलायलाच. म्हणूनच तिचं बोलणं खरं वाटायचं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं तिच्या बोलण्यानंच झालं.

त्या दिवसांत क्रीममधल्या केमिकलची भीती सगळीकडे पसरली होती. कोणी म्हणे त्यानं कॅन्सर होतो, कोणी म्हणे पोरींना पाळी लवकर येते. त्यातलं खरं किती, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. वहिनीनं स्वतःची क्रीम काढली. कोरफड, काकडी, गुलाबजल. झाकणावर हिरवं पान, आणि खाली 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' असं ठळक छापलेलं.

"बाजारच्या क्रीमा टिकाव्या म्हणून त्यात जहर टाकतात," तिनं डबी माझ्या हातात ठेवत सांगितलं. "माझ्यात काहीच नाही. लेकराले चाटवली तरी चालते."

वर्षानुवर्षं जी साधी क्रीम लावत होते, जिनं मला कधी काही केलं नव्हतं, ती मी टाकून दिली आणि ही लावायला लागले.

पहिल्यांदा पापण्या खाजायला लागल्या. मला वाटलं धूळ असेल. मी मंत्रालयात होते, आणि ते तेव्हा नुकतंच नव्या रायपूरला गेलं होतं. रोज स्टाफच्या बसनं त्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवरून जायचं, दोन्ही बाजूंना बांधकामं, खिडक्या उघड्या. मग गालांवर बारीक पुरळ आलं. मी वहिनीकडे गेले. तिनं उजेडात माझा चेहरा वळवून पाहिला आणि अगदी आनंदानं म्हणाली, "चांगलं होऊन राहिलं. इतक्या वर्षांचं जहर बाहेर पडून राहिलं ना! आता सोडू नको, दोन टाइम लाव."

मी दोन वेळा लावली.

एका सकाळी उठले तर डोळे उघडेनात. बोटांनी पापण्या वर करून आरशात पाहिलं. गाल सुजून तांबडे-जांभळे झालेले, डोळ्यांच्या जागी दोन चिरा. सुट्टी मिळण्यासारखी नव्हती, विधानसभेचं अधिवेशन चाललं होतं. ओढणी डोक्यावरून ओढून बसमध्ये चढले. शेजारची बाई छत्तीसगढी होती, रोजची सोबतीण. तिनं माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "का होगे बहिनी? घर में सब बने हे ना?" घरी सगळं बरं आहे ना, म्हणून.

मी म्हटलं, क्रीम लागली. तिनं मान हलवली. ती मान कशी हलवली ते मला आजही दिसतं. मार खाऊन आलेली बाई 'पाय घसरला' म्हणते तेव्हा आपण हलवतो ना, तशी.

तिचं मी मनाला लावून घेतलं नाही, तिला माहीत नव्हतं. वहिनीला माहीत होतं. माझा तसला चेहरा दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः पाहिला. मी तिच्या दारात उभी राहून म्हटलं, "वहिनी, हे तुमच्या क्रीमनं झालं." आत दोन बायका फेशियलला बसल्या होत्या. ती मला दारातच थांबवून म्हणाली, "अवं, एवढ्या जणी लावतात, कोणाले काही नाही. डॉक्टरले दाखव." आणि मी वळल्यावर, पुरेशी लांब गेले असं समजून, तिनं आतल्या बायकांना सांगितलं, "क्रीमनं कुठं असं होते! घरचंच काहीतरी हाय. नवरा वाटतो गरीब, पण गरीब दिसणारेच हात उचलतात."

मी जिन्यावर होते. मला ऐकू आलं.

माझा नवरा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होता. बोलणं कमी. लोखंडाच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे घरात त्याला आवाज नको असायचा. भांडं आपटलं तरी दचकणारा माणूस. तो रोज सकाळी मला स्कूटरवरून बसच्या थांब्यावर सोडायचा. आठवड्याभरातच थांब्यावरच्या बायका त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागल्या. त्यानं कारण विचारलं, मी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून मला अलीकडच्या वळणावर उतरवायला लागला.

तोंडातोंडी ती गोष्ट गोंदियाला माझ्या भावापर्यंत पोचली. एका रविवारी तो न सांगता आला. बसला नाही, पाणी घेतलं नाही. नवरा पेपर वाचत होता, त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला, "भाऊजी, तुम्ही माह्या बहिणीवर हात उचलला काय?"

नवऱ्यानं पेपरची घडी केली. "तिलेच विचारा," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

मी भावाला क्रीमची डबी दाखवली, सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "काही असलं तर सांगजो. घाबरू नको." म्हणजे विश्वास बसलाच नव्हता. मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा नवरा ओट्याशी पाठ करून उभा होता. नळ चालू होता आणि हातात भांडं नव्हतं. त्या क्षणी ठरवलं, या बाईला मी सोडणार नाही. पार्लरच्या त्याच बायकांसमोर तिचं तोंड तिच्याच बोलण्यानं काळं करीन.

त्वचेची डॉक्टरीणबाई कमी बोलणारी होती. आधी सूज उतरवली, मग बऱ्याच दिवसांनी, कशाची ॲलर्जी आहे ते बघायला, पाठीवर औषधांचे बारीक चौकोन चिकटवले. ते काढेपर्यंत आंघोळ बंद, आणि बाहेर रायपूरचा उन्हाळा. पट्ट्या निघाल्या तेव्हा दोनच चौकोन लाल फुगलेले होते. एक वहिनीच्या क्रीमचा, दुसरा एका प्रिझर्व्हेटिव्हचा.

मी म्हटलं, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह विषच ना?

"ज़हर नहीं है," ती म्हणाली. "आपको सूट नहीं करता। लाखों को करता है।" मग समजावून सांगितलं. ज्या क्रीममध्ये पाणी आहे तिच्यात टिकवणारं काही नसेल तर जंतू आणि बुरशी होणारच, आणि तसली क्रीम डोळ्यांजवळ लावणं त्याहून धोक्याचं. काही प्रिझर्व्हेटिव्ह धुऊन टाकायच्या वस्तूंत ठीक असतात, चेहऱ्यावर राहणाऱ्या क्रीममध्ये नको असतात. काय घातलं, किती घातलं, हे लिहिलेलं हवं, म्हणजे माझ्यासारखीला टाळता येतं. मी वहिनीच्या डबीवरचं हिरवं पान दाखवलं. डॉक्टरीणबाई हसली. "इस गर्मी में, बिना प्रिज़र्वेटिव के, फ्रिज से बाहर? रखकर देख लीजिए।"

मी ठेवून पाहिलं. कुंडीतली कोरफड, काकडीचा रस, गुलाबजल, थोडं तेल, थोडं मेण, असं वहिनी सांगायची त्याच कृतीनं घरी क्रीम घोटली आणि एका बरणीत भरली. शेजारी तिची अर्धी उरलेली डबी. दोन्ही स्वयंपाकघराच्या खिडकीत. माझ्या बरणीला काही दिवसांतच आंबूस वास सुटला, मग वर राखाडी-हिरवी लव उगवली. मी तिला फडकं बांधून तशीच ठेवली. वहिनीची डबी शुभ्र. पावसाळा आला. आमच्या घरात चामड्याच्या चपलांना बुरशी आली, लोणच्याला आली, देवघराच्या लाकडी चौरंगाला आली. डबी शुभ्र. रोज चहा ठेवताना मी तिच्याकडे बघायचे आणि मला बरं वाटायचं. इतकं बरं मला कुठल्या पूजेनं वाटलं नाही.

तक्रार तेव्हाच करता आली असती. पण कागदावरची शिक्षा मला आधी नको होती. जिथं ते बोललं गेलं होतं तिथंच, त्याच कानांसमोर ते परत घेतलं जायला हवं होतं. थंडी पडल्यावर आमच्या मराठी बायकांचा आनंदमेळा भरायचा. कॉलनीच्या हॉलमध्ये टेबलं मांडायची, कोणी कोथिंबिरीची सांबारवडी, कोणी तीळपोळी. वहिनीचं टेबल दारासमोर, क्रीमच्या डब्यांचा मनोरा रचलेला.

मी पिशवी घेऊन गेले. गर्दी होऊ दिली. मग तिच्यासमोर जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "वहिनी, यात टिकायसाठी काहीच नाही टाकत ना तुम्ही?"

"काहीच नाही," ती म्हणाली. बायका बघत होत्या, म्हणून तिनं गळ्याची कातडी चिमटीत धरली. "पोरांची शपथ."

मी पिशवीतून दोन्ही काढून टेबलावर ठेवलं आणि आधी माझ्या बरणीचं फडकं सोडलं. वासानं पुढच्या बायका मागं सरकल्या. "ही मी केली. तुम्ही सांगता तश्शीच. आणि ही तुमची, तिच्याच शेजारी ठेवलेली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला." डबीचं झाकण काढून मी ती फिरवली. एकीनं वास घेतला, दुसरीनं बोट लावून पाहिलं.

"ताजीच हाय की," कोणीतरी म्हणालं.

"काहून ताजी हाय, वहिनी?" मी विचारलं.

ती लाल झाली. आधी म्हणाली मी डबी बदलली. मग म्हणाली फ्रिजमध्ये ठेवली असेल. मग आवाज चढवून, "नुसती कोरफड विकली असती तर तुम्हीच नासली म्हणून परत आणून दिली असती!" बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. मनोऱ्याजवळ उभी असलेली एक बाई हातातली डबी गुपचूप खाली ठेवून निघून गेली.

एक वयस्क बाई मध्ये पडल्या. "जाऊ दे वं, आजच्या दिवशी नोको."

"जाते," मी म्हटलं. "आता माझ्या नवऱ्याबद्दल काय सांगितलं होतं ते यांना सांगा. आणि ते खोटं होतं तेही."

वहिनी रडायला लागली. मी थांबले. मला तिच्या रडण्याची काही घाई नव्हती. शेवटी ती पुटपुटली, "मी उगाच बोलली होती."

"मागच्यांना नाही ऐकू आलं."

तिनं मोठ्यानं म्हटलं. मी पिशवी उचलली आणि निघाले. खूप दिवसांच्या भुकेनंतर पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, आता तो मोकळा होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला पुन्हा वळणावरच उतरवलं. त्याच्या पुढच्या दिवशीही. माझ्या ध्यानात आलं, तोंडानं गेलेलं तोंडानं भरून येत नाही. तेव्हा मात्र मी औषध विभागाच्या ऑफिसात तक्रार दिली. डॉक्टरीणबाईंचा कागद जोडला. माणसं येऊन तिच्या दुकानातले नमुने घेऊन गेली. क्रीम बनवण्याचा परवानाच नव्हता. तयार क्रीम ठोकात आणून ती त्यात वास मिसळायची, आणि एकदा माल नासल्यापासून अंदाजानं आणखी प्रिझर्व्हेटिव्ह ओतायची. ठोकवाल्यानं आधीच घातलेलं असायचं, हे तिनं कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

भावाचा फोन आला. बराच वेळ हवापाण्याचं बोलला, मग म्हणाला, "भाऊजीले दे." नवऱ्यानं फोन घेतला, 'हो, हो, असू द्या' म्हटलं आणि ठेवला.

तक्रारीचा निकाल लागायच्या आधी वहिनी आमच्या घरी आली. साधी साडी, केसांना रंग नाही. मी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. ती म्हणाली, "मी चुकली. पण दुकान बंद झालं तर मी काय करू? तक्रार मागं घे वं. तू माह्या लहान बहिणीसारखी."

खरं सांगते, ते माहेरचं बोलणं कानावर पडलं आणि क्षणभर मी ढिली पडले. तेवढ्यात नवरा आतून आला. त्याला पाहून ती उभी राहिली, हात जोडले. मला वाटलं आता हा माणूस म्हणणार, जाऊ दे. मुंगीलासुद्धा वाट देणारा माणूस. मी त्याच्याकडे बघत राहिले.

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि अगदी हळू, नेहमीच्याच आवाजात मला म्हणाला, "मागं नाही घ्यायची."

मग तिला म्हणाला, "पाणी पिऊन जा."

ती पाणी प्याली नाही. मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले आणि कडी लावून घेतली. परत आले तेव्हा तो तिथंच उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढा जवळचा तो कधीच वाटला नव्हता.