उसाच्या गावातून कोयत्याच्या गावाकडे

मृणाल माझ्या धाकट्या भावाची मुलगी. नेदरलँड्समध्ये इंजिनिअर आहे. यंदा दिवाळीला लेकीला घेऊन भिंगारला आली, ती डोक्यात एक प्रश्न घेऊनच. ऑफिसनं तिला एका मोठ्या प्रकल्पाची प्रमुख व्हायला विचारलं होतं, पण काम पूर्ण आठवड्याचं. घरी मात्र तिचं आणि नवऱ्याचं, प्रसादचं, जवळजवळ ठरलं होतं, की तिनं उलट तीनच दिवस कामाला जायचं. परत जाण्याआधी उत्तर द्यायचं होतं.

"काका, कुठेतरी जाऊन येऊ या. इथं जो तो मला सल्ला देतोय," ती म्हणाली.

मी निवृत्त माणूस. पिशवी भरायला कितीसा वेळ लागणार? लेक आजीकडे राहिली, गाडी मृणालनं चालवायला घेतली.

सकाळी मनमाड रस्त्याला लागलो. राहुरीच्या अलीकडे मिसळ खाल्ली. झणझणीत असते, तेव्हा सोबत ताक मागून घ्या. राहुरी सोडली की दोन्ही बाजूंना ऊस, तुरे डोलताहेत, पाटाचं पाणी चमकतंय. असं काही दिसलं की मला शाळेच्या पुस्तकातल्या कविता आठवतात. त्यातली आई नेहमी दारात उभी असते, कुणाची तरी वाट बघत. ती स्वतः कुठे निघालीय, अशी कविता मी खूप आठवून पाहिली. सापडली नाही.

श्रीरामपूरजवळ माझा शाळासोबती दत्तू राहतो. बंगला, दारात दोन गाड्या. जेवायला पहिली पंगत पुरुषांची. परदेशची पाहुणी म्हणून मृणाललाही आमच्यात बसवलं. दत्तूची सून अश्विनी वाढत होती. ती शेतीची पदवीधर.

दत्तू अभिमानानं सांगत होता, "माझ्या आईचा जन्म खुरपण्यात गेला. आता आमच्या घरच्या बायांना रानात पाय ठेवायची गरज न्हाई."

"आणि अश्विनीचं शिक्षण?" मी विचारलं.

"तिला विचारूनच खत टाकतो की आमी."

"विचारतात," अश्विनी भाजी वाढता वाढता म्हणाली. "फोनवर पिकाचे फोटो पाठवतात. रान माझ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण मी गेले तर लोक म्हणतील, पाटलांना पैशाची अडचण आलीय वाटतं."

दत्तू हसला. मग मृणालकडे वळून म्हणाला, "तुमच्याकडं तर समदं सारखं असंल."

"कायद्यात सारखं आहे, दत्तूकाका. पण बुधवारी शाळा दुपारीच सुटते, पाळणाघर महाग, आणि नवऱ्याचा पगार माझ्याहून जास्त. मग कुणी घरी थांबायचं, ते न भांडताच ठरतं. माझ्या बहुतेक मैत्रिणी तीन दिवसवाल्या आहेत."

दत्तूनं वाटीतला रस्सा उगाच ढवळला. मलाही हे नवीन होतं. आधी पैसा येतो आणि मागोमाग बरोबरी येते, असं मी धरून चाललो होतो.

दत्तूकडेच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी नेवासा, शेवगाव करत तिसगाव. वाटेत उसाच्या ट्रॉल्या लागतात, घाई करू नका. शेवगाव मागे पडलं की हिरवा रंग विरळ होत जातो. तिसगावच्या बाजारात गोडीशेव घेतली आणि झाडाखाली बसलो. शेजारी एक ट्रॅक्टर उभा होता. भांडी, गोधड्या, कोंबड्या, सगळा संसार ट्रॉलीत चढत होता. माणसं ऊस तोडायला निघाली होती.

मृणालनं एका बाईला शेव दिली. तिचं नाव सुनीता. बोलणं सुरू झालं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एकच 'कोयता' मोजतात, हे मृणालला ठाऊक नव्हतं.

"एकटी बाई गेली तर?"

"एकटीला कोन घेतंय? जोडी लागती. वहीत नाव ह्याचं, आगाऊ पैशाची उचल बी ह्याच्याच हातात," सुनीतानं नवऱ्याकडे मान उडवली. "तुमी काय करता?"

मृणालनं सांगितलं. तीन दिवसांचंही सांगितलं.

"तीनच दिस? आन पगार भेटतो?"

"तीन दिवसांचा."

"मग बाई, बदलता का माझ्यासंगं?"

ट्रॉलीवरून नवरा म्हणाला, "जा की. हितं भाकरी कोन थापील?"

"तू."

"आन लोक हसतील ते?"

"हसू दे. लोक काय जेवाया येनार हायेत व्हय?"

ट्रॅक्टर निघून गेला. करंजी घाटाच्या माथ्यावर मृणालनं गाडी बाजूला घेतली. उतरून कठड्याशी उभी राहिली. मग म्हणाली, "काका, प्रसाद मला हेच म्हणाला होता. त्याच्या ऑफिसात कुणी पुरुष बुधवारी घरी राहत नाही, लोक काय म्हणतील. मला ते पटलं होतं."

तिथंच उभी राहून तिनं त्याला फोन केला. मी मुद्दाम लांब जाऊन दरी बघत बसलो. वाऱ्यात तिच्या बोलण्यातला एकच तुकडा ऐकू आला, "मी पूर्ण आठवडा घेतेय. बुधवारचं तू बघ."

प्रसाद नंतर कळवतो म्हणाला; भिंगारला पोचेपर्यंत त्याचं उत्तर आलं नव्हतं. जेवताना मेसेज आला: विचारतो साहेबांना.

आता ती परत गेली आहे. मी इथं ओट्यावर बसून अजून विचार करतो. पाटाचं पाणी आलं तेव्हा दत्तूच्या घरातल्या बाया उन्हातून सुटल्या, हे काही थोडं नाही. सुनीताला तर तेवढंसुद्धा मिळालेलं नाही. पण दत्तूचा बंगला असो, मृणालचा फ्लॅट असो नाहीतर ती ट्रॉली, लोकांच्या हसण्याची धास्ती तिन्हीकडे सारखी कशी, हे मला उलगडलेलं नाही.

परवा मृणालचा फोन आला. प्रकल्प तिच्याकडे आलाय. प्रसादला बुधवारची सुट्टी मिळाली. मंजूर करण्याआधी साहेबांनी त्याला खोलीत बोलावून, दार लावून, हळू आवाजात विचारलं म्हणे, "तब्येत बरी आहे ना?"