वळवळणारी पैठणी आणि इतर मोठे फोटो

आमच्या धंद्यात फोटो उडवता येतात, किस्से उडवता येत नाहीत. हार्डडिस्क भरली की मी जुनी लग्नं पुसून टाकते. नवरा-नवरी, करवल्या, बँडवाले, सगळे एका बटणात गायब! पण त्या लग्नाचा किस्सा कुठे जातो? तो डोक्यात जागा अडवून बसतो आणि चहा आला की बाहेर पडतो.

नाशिकला इंदिरानगरात पिठाच्या गिरणीच्या वर आमचा स्टुडिओ. आमचा म्हणजे सुनीलदादांचा. ते लग्नात फोटो काढतात, मी त्याच फोटोंचे आणि शूटिंगचे व्हिडिओ बनवते. गिरणी सुरू झाली की माझं टेबल थरथरतं. गिऱ्हाईक विचारतं, "व्हिडिओ हलतोय का?" मी सांगते, "नाही, खाली ज्वारी चाललीय."

* * *

दादांनी नवा कॅमेरा घेतला तेव्हाची गोष्ट. एकेक फोटो एवढा मोठा, की होर्डिंग करून थेट द्वारका चौकात लावावा! एका साखरपुड्याचे सगळेच्या सगळे फोटो त्यांनी जसेच्या तसे सॉफ्टवेअरमध्ये ओतले. मी म्हटलं, "दादा, व्हिडिओची चौकट छोटी असते. फोटो आधी लहान करून घेऊ."

"लहान? मग एवढा कॅमेरा घेतला कशाला!"

मुलीचे वडील व्हिडिओ बघायला आले. मोठ्या हौसेने समोर बसले. दोन फोटो सरकले आणि कॉम्प्युटर जो अडकला, तो नेमका जावयावर. सासूबाई पेढा भरवताहेत आणि जावयाने आ वासलाय. दादा माऊस आपटताहेत, मी बटणं दाबतेय, जावई आपला आ करून बसलेला.

वडील स्क्रीनकडे वाकले. मग म्हणाले, "घरी पण असाच बसणार असेल, तर आताच सांगा."

त्या दिवसापासून दादांना पटलं. आता नवीन फोटोग्राफर कुणी भेटला की तेच ज्ञान देतात, "डब्यात अख्खा भोपळा कोंबायचा नसतो रे, फोडी करायच्या!"

* * *

याच्या बरोब्बर उलटं गिऱ्हाईकही असतं. एक काका आले. मुलाच्या रिसेप्शनला हॉलमधल्या भल्यामोठ्या स्क्रीनवर कै. आजोबांचा फोटो दाखवायचा होता. फोटो आला मोबाइलवर. नाशिकहून नांदगावला, नांदगावहून पुण्याला, पुण्याहून परत नाशिकला, असा सगळ्या भावकीच्या ग्रुपमधून फिरून आलेला. जिथे जाईल तिथे थोडा थोडा झिजलेला! मोठा केला तर चेहऱ्याच्या जागी नुसत्या फरशा.

"मॅडम, क्लिअर करा ना जरा."

"काका, कसा करणार? यात डोळेच नाहीयेत."

काका ताडकन उठले. "काय बोलताय! आमच्या आजोबांना शेवटपर्यंत चष्मा लागला नाही!"

* * *

एक सर होते, शाळेतले. त्यांच्या मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाचा व्हिडिओ करायचा होता. सरांनी कुठेतरी वाचलेलं. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "सगळे फोटो तीनशे डीपीआयच पाहिजेत."

मी समजावलं, "सर, ते छपाईचं माप आहे. व्हिडिओला त्याचा काही उपयोग नाही. फोटो लांबी-रुंदीला किती मोठा आहे, तेवढंच इथे बघतात."

"बरोबर आहे. पण तरी घाला. आपल्याकडून कमी पडायला नको."

घातलं. म्हणजे तो आकडा बदलला, बाकी फोटोला हातसुद्धा लावला नाही. सर चष्मा पुसून स्क्रीनजवळ गेले, मागे आले, परत जवळ गेले.

"बघा! पडला ना फरक?"

* * *

आता पैठणी. बारीक जरीचा मोठा फोटो व्हिडिओत लहान होऊन बसला आणि हळूच सरकवला, की जरीची नक्षी चमचम करत वळवळल्यासारखी दिसते. फोटो किंचित धूसर केला की थांबते. आम्हाला हे माहीत. पण नवरीच्या आईला कसं माहीत असणार?

त्या किंचाळल्याच. "अगं बाई! माझ्या अंगावर मुंग्या चढल्यासारख्या काय दिसताहेत!"

मी म्हटलं, "मुंग्या नाहीत हो काकू, जर आहे. जरा धूसर करते."

"धूसर? येवल्याला तीन चकरा मारून आणलीय ती! धूसर करायला?"

दादा मध्ये पडले. "मग वळवळेल, ताई."

काकू हिरमुसल्या. तेवढ्यात त्यांचं लक्ष फोटोत शेजारी उभ्या असलेल्या विहीणबाईंकडे गेलं.

"यांची बरी गप्प बसलीय?"

"त्यांच्या साडीत एवढं बारीक जरीकाम नाही ना," मी म्हटलं.

काकू सावरून बसल्या. "म्हणजे माझीत जास्त आहे, म्हणून वळवळते?"

"हो."

"मग राहू दे. वळवळू दे!"

* * *

सिडकोतल्या एका कुटुंबाचा मोठा ग्रुप फोटो. अशा फोटोवरून मी कॅमेरा फिरवल्यासारखी चौकट हळूहळू सरकवते, म्हणजे प्रत्येकाचा चेहरा दिसतो. फोटो दादांचा, त्यामुळे पाहिजे तेवढं जवळ जा, सगळं स्वच्छ. घरच्यांना व्हिडिओ पाठवला. सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी एका काकूंचा फोन. आवाज एकदम गोड. "मॅडम, तो ग्रुप फोटो आहे ना, त्यात आमच्या ह्यांच्या शर्टाचा खिसा येतो. तेवढा जरा आणखी मोठा करून पाठवता का?"

मी बघितलं. पातळ पांढरा शर्ट आणि खिशातून डोकावणारी तंबाखूची पुडी. वरचं नावसुद्धा वाचता येत होतं! ऑपरेशननंतर काकांनी देवासमोर शपथ घेऊन तंबाखू सोडली होती म्हणे. काय करणार! मी म्हटलं, "बघते हं काकू," आणि फोन ठेवला.

संध्याकाळी काकांचा फोन. आवाज अगदी दबका.

"मॅडम, फोटो लहानही करता येतो ना?"

* * *

पेठ तालुक्यातले रामभाऊ आले ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सोबत त्यांची मुलगी मंगला. मंगलाच्या लग्नाचे फोटो दादांनीच काढले होते. त्यानंतर तिची आई वारली. आता वर्षश्राद्धाला आईची आठवण म्हणून छोटा व्हिडिओ करायचा होता. पण कॅमेरा जवळ आला की आई लाजून आत जायची, त्यामुळे तिचा फोटोच नाही. आधार कार्डवरचा तेवढा एक, आणि त्यात ती कुणाच्याच आईसारखी दिसत नव्हती.

"लग्नातला एखादा असंल ना?" रामभाऊ म्हणाले.

मंगला लगेच म्हणाली, "नसंल. ती मांडवात आलीच कुठं? अक्षता टाकायलाबी आली नाय माझ्यावर."

"एवढ्या मान्सांचं जेवान तिच्या अंगावर व्हतं, बाय."

"माझं लगीनबी तवाच व्हतं ना, बाबा."

रामभाऊ जाऊन दाराशी बसले. दादांनी लग्नाची हार्डडिस्क काढली. आम्ही एकेक फोटो बघत गेलो. हळद, वरात, जेवणावळी. कुठे पाठमोरी, कुठे अर्धा पदर, कुठे नुसता वाढणारा हात. मंगला प्रत्येक वेळी म्हणायची, "फुडं."

मग अक्षतांचा फोटो आला. मधे नवरा-नवरी, सगळ्यांचे हात वर. मंगला "फुडं" म्हणाली नाही. तिने स्क्रीनच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मांडवाच्या टोकाला कापडाची कनात होती, पलीकडे चुली. कनातीच्या फटीत हिरव्या रंगाचा एक ठिपका.

"हे लुगडं आईचं हाय."

मी तो कोपरा मोठा केला. ठिपक्याची साडी झाली, साडीवर चेहरा आला. पदर कमरेला खोचलेला, एका हातात झारा, दुसरा हात वर. बोटांतून अक्षता नुकत्याच सुटलेल्या. खालचा ओठ दातांत घट्ट धरलेला.

मंगला ओढणी तोंडाशी धरून नुसती बघत राहिली. खाली गिरणी बंद होती बहुतेक, कारण खोलीत कसलाच आवाज नव्हता.

मी फोटो व्हिडिओत घेतला. आधी अख्खा मांडव, मग हळूहळू कनातीकडे जाणारी चौकट. रामभाऊ इतका वेळ दाराशी बसले होते, ते उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. नवरा-नवरी बाजूला सरकले, पाव्हणे सरकले, कनात आली. मग ती आली. नुसता चेहरा राहील एवढं पुढे न्यावं, म्हणून मी अजून जवळ चालले होते.

रामभाऊंनी टेबलावर हात ठेवला.

"बास, ताई. आनखी जवळ नका जाऊ. आत पळंल ती."