प्रश्न एक ते सहा यांबाबत

उत्तर आलं तेव्हा मोरोहोशी इत्सुको उभी होती, आणि वाचून झाल्यावरही तिला खुर्चीत बसावंसं वाटलं नाही. खासदार तागामींच्या नावाने सरकारला सहा लेखी प्रश्न गेले होते. कायद्याने सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं, तसं ते वेळेत आलं होतं. उत्तर एकच होतं.

"प्रश्न एक ते सहा यांबाबत: धरणातून पाणी सोडताना द्यावयाच्या इशाऱ्यांचे स्वरूप परिस्थितीनुसार भिन्न असल्याने सरसकट उत्तर देणे कठीण आहे. काहीही असो, सरकार यापुढेही योग्य ती कार्यवाही करीत राहील."

खाली पंतप्रधानांचं नाव. म्हणजे सगळं मंत्रिमंडळ एका टेबलाभोवती बसलं, हा कागद सगळ्यांच्या नाकाखालून गेला, आणि एकानेही विचारलं नाही की अहो, सहा गोष्टी विचारल्यात, आपण एकही सांगितलेली नाही.

"काहीही असो," इत्सुको मोठ्याने म्हणाली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. भिंतीपलीकडच्या कार्यालयात कुणीतरी हसत होतं, दुसऱ्याच कशाला तरी.

ती मूळची निरेझावाची. नदीच्या वळणावर डोंगराने मुठीत धरून ठेवल्यासारखी थोडी घरं, तेवढंच गाव. शाळा संपल्यावर संसदेच्या लघुलेखन शाळेत तिची निवड झाली तेव्हा अख्खी वाडी स्टेशनवर निरोपाला आली होती. पुढे कितीतरी वर्षं ती सभागृहाच्या मधोमध छोट्या टेबलाशी बसली आणि मंत्र्यांचं बोलणं बोटांनी ऐकत राहिली. वळवळणाऱ्या त्या रेघांमधून तिला एक गोष्ट कळली होती. तोंडी उत्तर म्हणजे वाफ. मंत्री घसा खाकरतो, मागे बसलेला अधिकारी चिठ्ठी सरकवतो, वेळ संपतो, सगळे जेवायला जातात. लेखी उत्तर मात्र राहतं. सरकारने एकदा लिहून दिलं की त्याला ते गिळता येत नाही. मग यंत्रं आली, शाळा बंद झाली, ते टेबलही कुणीतरी उचलून नेलं. तागामी हे भूगोलाचे निवृत्त मास्तर, सगळ्यांचे 'सेन्सेई' म्हणजे गुरुजी, अपक्ष म्हणून निवडून आलेले. त्यांनी तिला सचिव म्हणून ठेवून घेतलं. अपक्षाला सभागृहात बोलायला मिळतात ती मोजकीच मिनिटं. लेखी प्रश्न मात्र एकटा खासदारही विचारू शकतो, अधिवेशन चालू असेपर्यंत. तागामींच्या हातात तेवढंच हत्यार होतं आणि ते धरायचं काम इत्सुकोचं होतं.

हे सहा प्रश्न मात्र तागामींचे नव्हते. ते तिचे होते. त्यातलाही खरा एकच.

दोन पावसाळ्यांपूर्वीच्या वादळात वरच्या धरणाने भरदुपारी दरवाजे उघडले. निरेझावाच्या खालच्या आळीतली दोन म्हातारी माणसं वाहून गेली. त्यातली एक इत्सुकोच्या लहानपणच्या सोबत्याची, सुगेनोची आई. इत्सुकोचा मोठा भाऊ शिगेओ तेव्हा वाडीच्या अग्निशमन पथकाचा प्रमुख होता. पथक म्हणजे गावचीच माणसं, पगार नाही, निळा डगला आणि एक पंप. धरणाचा सायरन वाजला की त्याने घरोघर जाऊन माणसं वर चढवायची, ही ठरलेली रीत. सायरनचा खांब पथकाच्या शेडला लागूनच. शिगेओ त्याच्याखाली भिजत उभा होता, कान वर करून. सायरन वाजला नाही. पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी नद्यांच्या खात्याने पत्रक काढलं: सर्व सायरन सुरळीत चालले.

त्यानंतर निरेझावात शिगेओशी कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. गावची सूचनांची पाटी घरोघर हातोहात फिरते, ती देताना माणूस दारात दोन शब्द बोलतो. शिगेओच्या घराशी ती आता हातात दिली जात नाही, कुंपणाच्या भिंतीवर ठेवून माणूस निघून जातो. लावणीला त्याला कुणी बोलावत नाही. तो दारू पिऊन शेडमध्ये झोपला होता, असं कोण म्हणालं ते कुणाला आठवत नाही, पण म्हटलेलं सगळ्यांना आठवतं. शिगेओने डगला धुऊन, घडी घालून पथकाला परत केला. तो दारू पीत नाही. त्याला ती सोसतच नाही, एका पेल्यात चेहरा लालभडक होतो. गावाला हे वर्षानुवर्षं माहीत आहे.

इत्सुकोला खरं तर विचारायचं होतं एवढंच: त्या दिवशी निरेझावातला सायरन वाजला का?

पण एकटा प्रश्न तिला उघडावाघडा वाटला. कुणाच्या दारी रिकाम्या हाताने गेल्यासारखा. म्हणून तिने त्याच्या पुढेमागे पाच सभ्य प्रश्न बसवले. इशाऱ्यांच्या व्यवस्थेबद्दल सरकारचं धोरण काय, देखभालीची पद्धत कोणती, असले. खरा प्रश्न चौथा ठेवला. नवी सून पाहुण्यांत बसवावी तसा, ना पुढे ना मागे.

प्रश्न दाखल झाल्यावर रिवाजाप्रमाणे खात्याचा माणूस भेटायला आला. निइझुमा नाव. पस्तिशीचा, डोळ्यांखाली काळं, वाकून नमस्कार करण्यात तरबेज. इत्सुकोने त्याला चहा दिला. नुसता चहा देऊन थांबली असती तर काही बिघडलं नसतं.

"सेन्सेईंचा हेतू नीट समजून घ्यावा म्हणून आलो," तो म्हणाला. "सहाही प्रश्न मोलाचेच आहेत. पण त्यातल्या त्यात कोणत्यावर आम्ही जास्त मेहनत घ्यावी?"

आणि इत्सुकोने बोट ठेवून दाखवलं. "हा. चौथा. बाकीचे आपले असेच."

"फार आभारी आहे," निइझुमा म्हणाला.

त्याने मेहनत घेतली. चौथा प्रश्न कुठे पुरायचा ते तिनेच दाखवलं होतं, आणि पुरायला लागणारी मातीही तिनेच आणून ठेवली होती. पाच टोपल्या.

आता ती उभी होती ती स्वतःवर दातओठ खात. मग राग पुढे सरकला, निइझुमावर गेला, त्याच्या वरच्या साहेबांवर, आणि शेवटी त्या टेबलाभोवतीच्या सगळ्यांवर. अधिवेशन उद्या संपणार होतं. उद्यानंतर शरद ऋतूपर्यंत कुणाला काही विचारायचीच सोय नव्हती. तिने कागद ओढला आणि उभ्या उभ्याच लिहिलं. एक प्रश्न. मागे नाही, पुढे नाही.

तागामी सेन्सेई दुपारी आले, छत्री झटकत. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"एकच ओळ?"

"हो."

"अगं, हसतील इत्सुको-सान. मंत्रिमंडळाला एका ओळीचं पत्र? कुणी डबा विसरला म्हणून लिहिल्यासारखं दिसतंय."

"हसू द्या. हसून झाल्यावर उत्तर द्यावं लागेल. गुंडाळायला दुसरं काही ठेवलंच नाही मी."

तागामींनी छत्री कोपऱ्यात टेकवली. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "सकाळी खात्यातून फोन होता. त्यांची पोरं या लेखी प्रश्नांपायी मेटाकुटीला येतात म्हणे. आणि आपल्या खाडीवरच्या पुलाचं काम यंदा यादीत घ्यायचा विचार आहे, असंही सहज बोलले."

"सहज?"

"सहजच म्हणाले."

"सेन्सेई, तुम्ही चाळीस वर्षं पोरांना शिकवलंत. वर्गात पोरगा असं सहज बोलला असता तर काय केलं असतंत?"

"बाहेर उभं केलं असतं." ते हसले, पण ते हसू टिकलं नाही. "हे बघ, एक विचारतो, राग मानू नकोस. हा प्रश्न तुझ्या भावासाठी आहे ना?"

ही गोष्ट आजवर दोघांत कधी बोलली गेली नव्हती. इत्सुकोचे कान तापले. तिला वाटलं होतं की आपण नाही म्हणू, जनतेसाठी म्हणू, सुरक्षेसाठी म्हणू. हे सगळे शब्द तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून उतरवून घेतले होते.

"हो. माझ्या भावासाठी. तो जिवंत आहे आणि मेल्यासारखा राहतोय. दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर तुम्हाला चाललं असतं? मग समजा दुसऱ्याचा आहे. सही करा नाहीतर मला आजच मोकळं करा. पण पुलाचं कारण सांगू नका. तो पूल तुम्ही तीन निवडणुका बांधताय."

तागामींनी चष्मा पुन्हा चढवला. बराच वेळ त्यांनी ती एक ओळ वाचली, जणू ती फार लांब होती. मग सही केली.

"चौथी निवडणूक गेली म्हणायची," ते पुटपुटले.

निइझुमा दुसऱ्या दिवशी आला, तेव्हा किटलीत पाणी उकळत होतं आणि इत्सुकोने ते उकळू दिलं.

"हेतू समजून घ्यावा म्हणून..."

"हेतू लिहिलाय."

"हो, पण त्यामागची पार्श्वभूमी..."

"निइझुमा-सान, तुम्हाला वाचता येतं ना? वाजला का, असं विचारलंय. वाजला असेल तर कशावरून म्हणता, तेही त्याच ओळीत आहे. यात समजण्यासारखं काय राहिलं?"

तो उभाच होता. तिने त्याला बसा म्हटलं नव्हतं. बॅगेचा पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात घेत तो म्हणाला, "मागच्या वेळचं उत्तर मी लिहिलं तसं नव्हतं. मी सहा वेगळी उत्तरं लिहिली होती. वर गेल्यावर ती एक झाली."

"आणि खरा प्रश्न चौथा आहे हे वर कुणी सांगितलं?"

त्याने मान खाली घातली. तेवढं तरी त्याला जमलं. तिला त्याची दया आली असती. डोळ्यांखालचं काळं तिला दिसत होतं, घरी लहान मूल असावं असा त्याच्या कोटाच्या खांद्यावर दुधाचा डागही होता. पण शिगेओच्या दाराबाहेर भिंतीवर ठेवलेली पाटी तिच्या डोळ्यांपुढून हलेना, आणि तिने दया येऊ दिली नाही.

"मला खरं उत्तर माहीत आहे," तो अगदी हळू म्हणाला. "सगळ्यांनाच माहीत आहे."

"मग माझ्यापाशी कशाला बोलता? तिथे लिहा."

अधिवेशन संपलं. सभागृह रिकामं झालं, गाड्या गेल्या, संसदेपुढच्या नागाताचोच्या चढावर फक्त पोलीस आणि कावळे उरले. उत्तर आलं ते असल्या शांततेत. या वेळी एकच वाक्य होतं.

"निरेझावा येथील सायरन त्या दिवशी वाजल्याची बाब सरकारला निश्चित करता आलेली नाही."

वाजला नाही, एवढं लिहायला अख्ख्या सरकारची लेखणी धजली नव्हती. म्हाताऱ्या माणसाने उंबरा ओलांडावा तसं ते वाक्य धरत धरत, कडेकडेने आलं होतं. पत्रक चुकलं असं नाही. दिलगीर आहोत असं नाही. का वाजला नाही, हे तर नाहीच. तेवढं विचारायला शरद ऋतू उजाडायला हवा होता.

तिने शिगेओला फोन लावला. तो शेतकी सोसायटीच्या दुकानात होता. मागे माणसांचे आवाज, गल्ल्याची टिंग.

"दादा, उत्तर आलं."

"मागच्यासारखं?"

"नाही. ऐक." तिने वाचलं.

 पलीकडे काहीतरी लाकडावर आदळल्याचा आवाज झाला. त्याने फोन काउंटरवर ठेवला होता.

"मोठ्याने वाच," तो लांबून म्हणाला. "सगळ्यांना ऐकू जाईल असं."

तिने वाचलं. दुकानातले आवाज थांबले. मग सुगेनोचा आवाज आला, तो तिने लगेच ओळखला, लहानपणी याच आवाजाने तिला बेडूक दाखवून घाबरवलं होतं.

"निश्चित करता आलेलं नाही म्हणजे काय रे? वाजला का नाही वाजला? सरकारी भाषा, तिचा अर्थ आपण काय पण लावायचा."

"नाही वाजला!" शिगेओ ओरडला.

इत्सुकोने भावाला आयुष्यात ओरडताना ऐकलं नव्हतं. आवाज चिरकला, मध्येच फाटला, पण थांबला नाही. "मी त्याच्याखाली उभा होतो! नाही वाजला! दोन वर्षं तुम्ही मला विचारलं नाही! एकाने नाही! तिला पार मंत्र्यांना विचारावं लागलं, आणि तुम्ही शेजारी राहता!"

 एखादी फळी करकरावी तसा कुणाचा तरी श्वास तिला ऐकू आला. दुकानाचं दार सरकलं, घंटी किणकिणली, पावलं आत येऊन थबकली.

मग शिगेओ फोनजवळ आला. धापा टाकत होता.

"इत्सुको, आहेस ना? परत वाच. सुगेनोची बायको आत्ता आलीय, तिने ऐकलं नाही."