इंदूबाईंचा रिपोर्ट

आज सकाळी जुळे सोलापुरात भाजी घेताना इंदूबाई भेटल्या. चार महिन्यांपूर्वी एका औषध कंपनीच्या शिबिरात त्यांच्या छातीतली गाठ तपासली होती. बायकांना संकोच नको म्हणून कंपनीने डॉक्टर, तंत्रज्ञ सगळ्या बायकाच आणल्या होत्या. फॉर्म मी भरत होते.

"रिपोर्ट काय आला?"

"आलाच न्हाय की मॅडम. म्हंजे काय नसंल."

शिबिराच्या यादीतून नंबर काढून मी तिथूनच त्यांच्या मुलाला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"आला होता. तातडीनं पुढची तपासणी करा म्हणलंय. बहिणीचं लगीन होतं, म्हणून बोललो न्हाय."

"लगीन होऊन दोन महिने झालं की रं," इंदूबाई म्हणाल्या.

त्यांच्याकडे फोन नाही. फॉर्मवर सोबत आलेल्या मुलाचा नंबर मीच लिहिला होता, त्यांना न विचारता.

मैत्रिणींनो, तुमचा रिपोर्ट कुणाच्या फोनवर येतो?