बोटांसकट झेरॉक्स

"सोडत नाई. असंच काढ."

रेशनकार्ड असो की पासबुक, झेरॉक्सच्या काचेवर उघडं पालथं घालायचं, उजव्या हाताची चार बोटं त्याच्या कडेवर घट्ट दाबायची आणि मग मला हा हुकूम. प्रताप नगरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. गिऱ्हाईक कागद काउंटरवर फेकतं आणि फोनवर बोलत बाहेर उभं राहतं. मशीनमध्ये आधार कार्ड विसरून जाणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. कदाचित तुम्हीच त्यातले असाल, तुमचंही एखादं माझ्या खोक्यात सापडेल. पण काउंटरची फळी उचलून थेट आत येणारी आणि आपला कागद क्षणभरही हातातून न सोडणारी ही एकच बाई.

"मावशी, झाकण तरी लावू द्या. बोटं येतात ना कागदावर."

"येऊ दे ना. माहीच हायेत, शेजारनीची नाई."

हिंगण्याच्या रस्त्याला मसाल्याचा एक कारखाना होता, तिथं त्या मिरचीपूड पाकिटात भरायच्या. दुकानात शिरल्या की पहिली शिंक माझी, दुसरी मागच्या गिऱ्हाइकाची. नखं तर कायमची लाल. मी नाकाला रुमाल लावला की म्हणायच्या, "शिंकून घे गा भाऊ, मंग काम कर. मले घाई नाई." आणि खरंच थांबायच्या. काम संपेपर्यंत माझ्या काचेवर चार तांबडे ठिपके उमटलेले असायचे. मी कुरकुरत पुसायचो.

कागद न सोडण्याचं हे काय वेड, असं मी एकदा विचारलंच. त्या कामाला लागल्या तेव्हा ठेकेदारानं सगळ्या बायांची बँकेत खाती उघडली, आणि पासबुकं अन् एटीएम कार्डं आपल्या ड्रावरात टाकून कुलूप लावलं. म्हणे, तुमच्याकडून हरवतील, मी सांभाळतो. पगार जमा व्हायचा खात्यात, तो काढायचा ठेकेदार, आणि त्याच्या मनाला येईल तेवढा बायांच्या हातात पडायचा. दहा वर्षं असंच चाललं.

"सांभाळतो म्हणे! मी तीन पोट्टे सांभाळले बाप्पा. एक कार्ड नसतं सांभाळलं?"

मग कारखान्यात पाकिटं भरायचं यंत्र आलं आणि बायांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांच्या पगारातून दर महिन्याला कामगार विम्याचे पैसे कापले जायचे. अशा विम्यात काम सुटलं की काही महिने थोडा बेकारी भत्ता मिळतो. अर्ज भरायचा आणि बँकेचा खाते क्रमांक द्यायचा, त्या खात्यात पैसे येतात. मावशींनी काय केलं असेल? भत्त्याचं कानावर आलं त्याच आठवड्यात चौकातल्या बँकेत रांगेत उभं राहून, कोणालाही सोबत न नेता, स्वतःचं नवं खातं उघडलं. ते पासबुक दाखवायला आल्या तेव्हा मलाही ते फक्त डोळ्यांनीच पाहायला मिळालं.

आता माझी गोष्ट सांगतो, ती काही फार चांगली नाही. दुसऱ्याच दिवशी ठेकेदार आला आणि त्यानं बायांच्या नावांची यादी माझ्यासमोर ठेवली. नावासमोर खाते क्रमांक, तेच जुने, ड्रावरातले. "बाया अडाणी आहेत हो. तुम्ही सगळ्यांचे भरून टाका, सह्या-अंगठे मी आणतो." त्याच्या हजेरीपटांच्या झेरॉक्स वर्षानुवर्षं माझ्याकडे. मला काही कळलंच नाही असं म्हटलं तर खोटं होईल. थोडं कळलं होतं, पण गिऱ्हाईक मोठं होतं. मी भरत बसलो. यादीत मावशींचं नाव आलं, तेही भरलं. पुढचा क्रमांकही तोच, यादीतला.

संध्याकाळी त्या आल्या. आपला अर्ज तयारच आहे म्हटल्यावर खूश होण्याऐवजी त्यांनी भुवया वर केल्या.

"वाचून दाखव. नंबर वाच."

मी वाचला.

"शेवटचे चार आकडे पुन्हा वाच."

पुन्हा वाचले. लिहिण्या-वाचण्यात त्या कच्च्या, पण नव्या खात्याचे शेवटचे चार आकडे त्यांना नातवाच्या नावासारखे पाठ होते.

"हा त्याच्या ड्रावरातला हाये. माहा नाई."

मी आपला सारवासारव करायला लागलो. "मावशी, खातं तर तुमच्याच नावाचं आहे ना? पैसे तुमच्याच नावावर येतील."

"नाव माहं, अन् कार्ड त्याच्यापाशी. मंग मी काय नाव चाटू?" आणि जरा थांबून, अगदी हळू आवाजात, "भाऊ, हे तू लिवलं?"

ओरडल्या असत्या तर मीही ओरडलो असतो, मला ते चांगलं जमतं. पण त्या ओरडल्या नाहीत. मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. मी तो अर्ज पुसला आणि त्यांच्यासमोर, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत, नवा भरला. तेवढ्यात हजेरीपट घेऊन ठेकेदार दारात उभा! त्यानं पडद्यावर पाहिलं, काचेवरचं नवं पासबुक पाहिलं, आणि सगळं समजला.

"बाई, नवीन ठेका भेटून राहिला मले. पयलं नाव तुहं लावतो. जुना नंबर राहू दे."

"दहा वर्सांचा घाम हाये तुह्या ड्रावरात. आता भत्ताई टाकू का?"

"काम पाह्यजे का नाई तुले?"

"पाह्यजे. पण हा माह्या विम्याचा पैसा हाये, तुह्यापाशी भीक नाई मांगून राहिली मी." आणि माझ्याकडे वळून, "पाहून काय राहिला गा? काढ झेरॉक्स. सोडत नाई, असंच काढ."

ठेकेदार माझ्याकडे बघत होता. माझं बोट हिरव्या बटणावर होतं. खरं सांगतो, त्या दोन सेकंदांत मला दुकानाचं भाडं आठवलं. मग मी बटण दाबलं. ठेकेदारानं हजेरीपट काखेत मारले आणि गेला तो गेलाच. बाकीच्या बायांचे अर्ज त्यानं दुसऱ्या दुकानातून भरून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी त्यांच्याबरोबर विमा कार्यालयात गेलो. त्यांनी बोलावलं नव्हतं. मलाच घरी बसवेना. खिडकीतल्या बाबूनं कागद चाळले आणि पासबुकाची झेरॉक्स बाजूला काढली. "ही चालणार नाही. बोटं आली आहेत."

झालं, मी म्हटलं. मी सांगितलं होतं! पण मावशींनी पदर खोचला.

"साहेब, नंबर दिसते का?"

"दिसतो."

"नाव दिसते का?"

"दिसतं हो, पण..."

"मंग बोटाचं काय करता? घ्या, हे खरं पासबुक. मिळवून घ्या." आणि खिडकीच्या फळीवर पासबुक ठेवून चार बोटं त्यावर रोवली. "डोयानं पाहा. हातात नाई देत."

मागे रांग हसायला लागली. बाबू एकदा रागावला, एकदा त्यानं चष्मा पुसला, आणि मग खिडकीतून जवळजवळ अर्धा बाहेर येऊन त्यानं एकेक आकडा ताडून पाहिला. शिक्का मारला, 'मूळ प्रत पाहिली'. परत देताना म्हणाला, "बाई, सगळे असे आले तर आमचं कसं व्हायचं?"

"आले पाह्यजे ना सगळे असेच," मावशी म्हणाल्या.

पैसे यायला वेळ लागला. आले त्या दिवशी पासबुक छापून घेऊन त्या थेट दुकानात. "वाच." मी वाचलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं, तिसऱ्यांदाही लावलं. त्या गेल्यावर लक्षात आलं की आज मला शिंक आलीच नव्हती. त्यांच्या नखांचा लाल रंग गेला होता.

हिंगण्याच्या रस्त्यावर कुठल्याच कारखान्यात त्यांना पुन्हा काम मिळालं नाही. ठेकेदारानं तेवढी व्यवस्था केलीच. भत्त्याचे महिने संपले तशा त्या काटोलला बहिणीकडे गेल्या, संत्र्याच्या पॅकिंगला. जाताना दारातूनच म्हणाल्या, "चालली गा भाऊ. आता शिंकू नको." मी हसलो आणि सवयीनं काच पुसायला घेतली. त्यांच्या बोटांची एक जादा प्रत माझ्याकडे राहिली आहे, काउंटरच्या काचेखाली.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, सात-आठ बाया दुकानात शिरल्या आणि मला सटासट शिंका सुरू झाल्या. मावशींबरोबरच्याच, आता ठेकेदाराच्या नव्या ठेक्यावर दुसऱ्या गिरणीत तिखटाच्याच कामाला लागलेल्या. पहिली म्हणाली, "पगाराच्या खात्याचा नंबर बदलायचा हाये, त्याचा अर्ज भर. मावशी जायच्या आधी घरोघरी आली होती. समद्यायले बँकेत घेऊन गेली."

आणि फळी उचलून सरळ आत आली. कोरं करकरीत पासबुक तिनं काचेवर पालथं घातलं. मी सवयीनं झाकणाला हात लावला.

"सोडत नाई," ती म्हणाली. "असंच काढ."

मागच्या सगळ्याही आपापली पासबुकं छातीशी धरून रांगेत उभ्या होत्या. मी झाकण वर केलं आणि त्या दुपारी ते पुन्हा खाली केलंच नाही.