टीव्हीवर टाकलेला पंचा

कोरगावच्या त्या हॉटेलवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पातळभाजी पुढे ठेवताना तो प्रत्येकाला "ऊन आसा, सवकास" असं बजावायचा. गिऱ्हाईक सत्तरीचं असलं तरी.

एका सकाळी टीव्हीवर कुठल्याशा शहरातल्या बॉम्बस्फोटाची बातमी चालली होती. रस्त्यावर पडलेली एक जखमी बाई वाहिनीवाले पुन्हा पुन्हा दाखवत होते, मागे ढणढण संगीत. हॉटेलवाल्याने खांद्यावरचा पंचा काढला आणि पडद्यावर टाकला.

"टीव्हीला घाम आला की काय? बघू द्या की, अहो!" मी म्हणालो. चारजण हसले. कुणी हसलं की मला चेव येतो. बाकावर चढून मी तो पंचा ओढून काढला.

तो रागावला नाही. हळूच म्हणाला, "भाई, ती बापडी बेशुद्ध आसा. तिचो पदर कोण सारको करतलो?"

पंचा माझ्या हातातच होता. पुन्हा टाकायला कितीसा वेळ लागला असता? पण मी खाली उतरलो, पंचा त्याच्या हातात दिला आणि पाव मोडत, सगळ्यांबरोबर, ती बाई परत कधी दाखवतात याची वाट बघत बसलो.